शिंपल्यातले रेडियम



पत्रिकेत आजचा विषय वाचून एकदोघा मंडळींनी मला विचारले की, जन्मभर कामगारांच्या सभेत बोलणारा माणूस शिंपल्यांवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. शिंपल्यांकडे मी वळलो तो कामगारांच्याच वाटेने.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला मुडगिनबेरी नावाचे ठिकाण आहे. कामगार चळवळीचा इतिहास वाचणाऱ्याला हे नाव ओळखीचे असते ते 1985 सालच्या तंट्यामुळे. तेथे रानम्हशींचा एक कत्तलखाना होता. मांसधंद्यातील कामगारांच्या संघटनेने त्याच्या दारावर पहारा बसवला. मालकाने व्यापारविषयक कायद्याचा आधार घेऊन संघटनेला कोर्टात खेचले आणि संघटनेवर दंड व जबर नुकसानभरपाई बसली. संघटना कायद्याने कशा जेरीस आणल्या जातात याचे उदाहरण म्हणून मी हे प्रकरण वाचत होतो. वाचता वाचता तेच नाव निराळ्याच प्रकारच्या अहवालांत आढळले. तेथे म्हशी नव्हत्या, तंटाही नव्हता. मुडगिनबेरीच्या डोहातील गोड्या पाण्याच्या शिंपल्यांत रेडियम किती, याची वर्षावर्षाची मोजणी होती. कोर्टातला निकाल मला समजला होता. हा निकाल समजायला मात्र बरीच वर्षे लागली, कारण तो रसायनशास्त्राच्या भाषेत लिहिलेला आहे आणि मी कॉलेजची पायरी चढलेला नाही. जेवढे समजले तेवढे आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम जागा पाहू. आर्नहेम लँड नावाच्या वालुकाश्माच्या पठारावरून मगेला नावाचा ओढा उतरतो. पावसाळ्यात तो दुथडी वाहतो, कोरड्या दिवसांत आटतो आणि मागे डोह राहतात. त्या डोहांना तिकडे बिलाबाँग म्हणतात. या ओढ्याच्या काठी रेंजर नावाची युरेनियमची खाण होती. तिचा साठा 1969 साली सापडला. न्यायमूर्ती फॉक्स यांच्या अध्यक्षतेखाली 1975 ते 1977 चौकशी झाली, 1981 साली उत्पादन सुरू झाले आणि जानेवारी 2021 मध्ये ते थांबले. भूमी मिरार लोकांची. आदिवासींच्या भूमिहक्कांचा कायदा तिकडे 1976 साली झाला. त्यात खाणीला नकार देण्याचा अधिकार होता, परंतु रेंजरपुरता तो अधिकार त्याच कायद्याने वगळला. म्हणजे हक्क दिला आणि ज्या जागी तो वापरायचा होता ती जागा सोडून दिला. आपल्याकडच्या करारांतही अशी कलमे मी पुष्कळ वाचली आहेत.

खाणीपासून सुमारे बारा किलोमीटर खाली मुडगिनबेरीचा डोह आहे. मिरार लोक तेथे मासे धरतात, आणि गाळात हात घालून शिंपले काढतात. खाण सुरू होण्यापूर्वीपासून ते काढीत आले आहेत. शास्त्रज्ञांनी हे शिंपले तपासले तेव्हा आढळले की, डोहाच्या पाण्यात रेडियम नावालाच आहे, पण शिंपल्याच्या मांसात ते पाण्याच्या हजारो पट साठले आहे.

हे ऐकून तुमच्या मनात जे आले तेच माझ्याही मनात आले होते: कंपनीने घाण सोडली. निकाल आपल्या सोयीचा आहे असे वाटले की आपण पुढची पाने वाचायचे सोडून देतो. या बाबतीत पुढची पानेच महत्त्वाची आहेत. पण ती उघडण्यापूर्वी पाण्याविषयी चार शब्द बोलले पाहिजेत.

पाणी पाण्यासारखे नसते, हे आपल्या आयाबहिणींना कोणत्याही प्रोफेसरापेक्षा आधी कळते. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो. गिरणीच्या बॉयलरवर काम केलेल्याला हाच थर नळ्यांतून खरवडावा लागतो. हा जडपणा मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन धातूंच्या क्षारांचा. कॅल्शियम म्हणजे चुन्यातला धातू. देशावर काळ्या दगडातल्या विहिरीच्या लिटरभर पाण्यात पन्नाससाठ मिलिग्रॅम कॅल्शियम सापडणे ही काही विशेष गोष्ट नाही. मगेलाच्या ओढ्यात ते एक मिलिग्रॅमही भरत नाही. ज्या वालुकाश्मावरून तो येतो त्यात विरघळण्यासारखे काही उरलेलेच नाही. ते पाणी जवळजवळ पावसाचेच, शिवाय किंचित आंबट.

आता शिंपल्याचा संसार पाहा. या शिंपल्याचे शास्त्रीय नाव वेलेसुनिओ अँगासी. गाळात रुतून बसायचे, कल्ल्यांतून पाणी घ्यायचे, त्यातले सूक्ष्म अन्न गाळून पाणी परत सोडायचे, हा त्याचा उद्योग. याला घर बांधायचे असते आणि त्याचे घर चुन्याचे. चुना मिळवायचा कोठून? ज्यात तो नाहीच अशा पाण्यातून. म्हणून या शिंपल्याच्या अंगी कॅल्शियमचा कण न् कण ओढून घेण्याची विलक्षण शक्ती आलेली आहे. ओढलेले कॅल्शियम तो फॉस्फेटच्या बारीक कणांच्या रूपाने मांसातही साठवून ठेवतो. गरीब घरात धान्याची कणगी जपतात, त्यातला प्रकार.

घोटाळा होतो तो येथे. रसायनशास्त्राच्या कोष्टकात मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, रेडियम ही एकाच रांगेतली भावंडे आहेत. विरघळल्यावर ती सारखाच विद्युतभार घेऊन हिंडतात. शिंपल्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याला ती नीट ओळखू येत नाहीत.

गिरणगावातल्या माणसाला हे समजावून सांगायला एका वाक्यात काम भागते. गिरणीच्या गेटवर सकाळी बदली कामगारांची गर्दी उभी असे. साचे ठरलेले, जागा ठरलेल्या. कायम कामगार हजर असले तर बदलीला आत प्रवेश नाही. कायम कामगार गावी गेले की त्यांच्या साच्यावर बदली उभा राहतो. शिंपल्याच्या कल्ल्यांवर अशाच मोजक्या जागा आहेत. पाण्यात कॅल्शियम भरपूर असले की बहुतेक जागा तेच धरते आणि रेडियमला दार बंद. मगेलासारख्या पाण्यात कायम कामगारच गैरहजर, म्हणून रेडियम आत जाते. हा दृष्टान्त बदली कामगाराच्या बदनामीसाठी नाही, हे मी मुद्दाम सांगतो. बदली संध्याकाळी घरी जात असे. रेडियम जात नाही. ते त्या चुन्याच्या कणांत जाऊन बसते, आणि साठ्यातले निम्मे रेडियम बाहेर पडायला सुमारे तेरा वर्षे लागतात असा हिशेब निघाला आहे. म्हणून शिंपला जितका म्हातारा तितका त्याच्यातला साठा मोठा. शास्त्रज्ञ शिंपल्याच्या कवचावरची वलये मोजून आधी त्याचे वय काढतात आणि मगच एका डोहाची दुसऱ्या डोहाशी तुलना करतात.

ही चूक काही एकट्या शिंपल्याची नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावी, पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर, घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग लावणाऱ्या मुली काम करीत. बारीक रेघ यावी म्हणून कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवायचे, असे त्यांना शिकवले होते. त्या मुलींच्या हाडांनीही रेडियमला कॅल्शियमच समजून आत घेतले. जबडे सडले, हाडे मोडली, कित्येकजणी गेल्या. त्यांतल्या पाचजणींनी 1927 साली खटला भरला आणि 1928 साली कंपनीने तडजोड केली. औद्योगिक रोगांच्या नुकसानभरपाईच्या इतिहासात या मुलींचे नाव मोठे आहे. त्यांच्या हाडात जे घडले तेच मुडगिनबेरीच्या गाळात, अगदी धिम्या प्रमाणात, घडत आले आहे.

कॅल्शियमविषयीचे हे नुसते तर्कशास्त्र नाही. रॉस जेफ्री आणि त्यांचे सहकारी सिम्पसन यांनी 1980च्या दशकात हे शिंपले प्रयोगशाळेत ठेवले, पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमीजास्त केले आणि रेडियम मोजले. कॅल्शियम वाढवले की रेडियमचे ग्रहण घटले. रेडियम जाऊन बसते ते कॅल्शियमच्या कणांतच, हेही त्यांनी दाखवले.

आता ती पुढची पाने. खाणीच्या वरच्या अंगाला, जेथे खाणीचे पाणी पोहोचू शकत नाही, तेथल्या शिंपल्यांतही रेडियम सापडते. रेडियमचे दोन प्रकार, 226 आणि 228, यांचे आपसातले प्रमाण खाणीच्या पाण्यात एक आणि त्या मुलखाच्या मातीत दुसरे असते. शिंपल्यांतले प्रमाण मातीशी जुळते. दुसऱ्या खोऱ्यातला सँडी नावाचा एक डोह तुलनेसाठी घेतलेला आहे. तेथल्या शिंपल्यांत रेडियम कमी, कारण तेथल्या पाण्यात मुळात रेडियम कमी आहे आणि कॅल्शियम जास्त आहे. निष्कर्ष असा की, मुडगिनबेरीच्या शिंपल्यातले रेडियम मुख्यतः त्या भूमीचे आहे, आणि ते इतके साठले याचे एक मोठे कारण पाण्याचे दारिद्र्य हे आहे.

हा निष्कर्ष मी एका शिबिरात सांगितला तेव्हा एक तरुण कार्यकर्ता रागावला. म्हणाला, "साहेब, हे तर मालकाचे वकीलपत्र झाले." मी त्याला म्हटले, खोट्या पुराव्यावर उभी केलेली मागणी पहिल्याच सुनावणीत कोसळते. त्या कंपनीविरुद्ध खरे पुरावे काही थोडे नाहीत. मार्च 2004 मध्ये याच खाणीत प्रक्रियेचे दूषित पाणी पिण्याच्या नळांत मिसळले. कामगारांनी ते प्यायले, त्यानेच अंग धुतले आणि कित्येकजण आजारी पडले. 2005 साली कंपनी दोषी ठरली आणि तिला दीड लाख डॉलर दंड झाला. डिसेंबर 2013 मध्ये आम्लमिश्रित खनिजाची एक टाकी फुटली. ऑस्ट्रेलियातल्या रेल्वे कामगारांनी तर 1976 सालीच, मेरी कॅथलीन या दुसऱ्या युरेनियम खाणीचा माल हलवायला नकार देणाऱ्या एका सहकाऱ्यासाठी चोवीस तास देशभर गाड्या थांबवल्या होत्या. तेव्हा कामगार झोपलेला नव्हता. पण शिंपल्याचे पाप कंपनीच्या पदरी बांधायचे तर ते आधी तिचे आहे का, हे पाहणे आपले काम आहे.

शिवाय "निसर्गाचे आहे" असे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. किरणोत्सर्गाची जनतेसाठीची मर्यादा वर्षाला एक मिलिसिव्हर्ट अशी मानतात. ती उद्योगामुळे पडणाऱ्या जादा भाराची आहे. निसर्गाचा भार त्यात धरत नाहीत. कंपनीचा दोष ठरवायला हे योग्यच आहे. पण शिंपला खाणाऱ्या मुलाच्या हाडाला निसर्गाचे रेडियम कोणते आणि कंपनीचे कोणते, हे कळत नाही. तेथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तो दहा वर्षांचे मूल वर्षाला दोन किलो शिंपल्याचे मांस खाते असे धरून. मला हा हिशेब आवडला. आपल्याकडे प्रमाणे ठरवताना कोण काय खातो हे विचारायची पद्धतच नाही. दोष ठरवण्याचा हिशेब आणि जेवणाऱ्याचा हिशेब, हे दोन हिशेब वेगळे मांडले पाहिजेत.

आणि पाण्याच्या दारिद्र्याचा खरा धडा रेडियमच्याही पलीकडचा आहे. जे पाणी रेडियमला अडवू शकत नाही ते दुसऱ्या कोणालाही अडवू शकत नाही. खाणीतून निघालेल्या दगडांच्या ढिगांवर पाऊस पडतो आणि मॅग्नेशियम सल्फेट धुऊन येते. हा कोणता भयंकर पदार्थ? औषधाच्या दुकानात जुलाबासाठी मिळते ते एप्सम सॉल्ट. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला तीस मिलिग्रॅम मॅग्नेशियम बिनतक्रार चालते. मगेलाच्या पाण्यात मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्यापुढे गोगलगायी आणि इतर बारीक जीवांना धोका संभवतो, म्हणून तेथे मर्यादा तीन मिलिग्रॅमची धरली. त्याच पाण्यात थोडे कॅल्शियम घातले की मॅग्नेशियमचा विषार उतरतो, हेही प्रयोगांनी दिसले आहे. म्हणजे विष एकट्या पदार्थात नसते. त्याच्या सोबतीला पाण्यात कोण आहे, यावरही ते ठरते.

युरेनियमचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला तीस मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. मगेलाच्या जीवांसाठी ती सहा ठरवली गेली आणि पुढे अभ्यास वाढला तशी 2.8 वर आली. येथे कॅल्शियमखेरीज आणखी दोघांचा हात आहे. एक आंबटपणा आणि दुसरा कुजलेल्या पाल्याचा अर्क. पाणी जरा आंबट झाले की युरेनियम मोकळे हिंडू लागते, आणि मोकळे असते तेव्हाच ते जीवाला बाधते. उलट पाला कुजून चहासारखा रंग आलेल्या पाण्यात त्या अर्काचे कण युरेनियमला धरून ठेवतात. ते असते, पण बांधलेले असते. शिंपल्यावरच हे पाहिले गेले आहे. शिंपला आपली दोन कवाडे दिवसातून किती वेळ उघडी ठेवतो हे मोजायचे. पाण्यात मोकळे युरेनियम वाढले की तो कवाडे लावून घेतो. संपाचा हा प्रकार मला मोठा मनोहर वाटला. पण शिंपल्याला संपनिधी नसतो. कवाडे बंद म्हणजे श्वास बंद, अन्न बंद. शेवटी उघडावीच लागतात.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या पर्यावरण संरक्षणाच्या नियमांत कारखान्याच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मानके दिलेली आहेत. नदीनाल्यांत सोडायचे तर लिटरला जस्त पाच मिलिग्रॅम, तांबे तीन, कॅडमियम दोन. ही सांडपाण्याची मानके आहेत, नदीची नव्हेत, आणि सांडपाणी नदीत पातळ होते, हे मला मान्य आहे. पण आकडा सगळीकडे तोच. घाटावरच्या काळ्या दगडातून येणाऱ्या, चुन्याने भरलेल्या नदीत सोडा किंवा कोकणात पावसाने शतकानुशतके धुऊन काढलेल्या जांभ्या दगडातल्या ओहोळात सोडा, कागदावर दोन्ही ठिकाणी "मर्यादेच्या आत". अमेरिकेत नद्यांतल्या जस्त, कॅडमियम, निकेल यांच्या मर्यादा पाण्याच्या जडपणानुसार बदलतात. आकड्याऐवजी सूत्र दिलेले असते. जड पाण्याला सवलत, हलक्या पाण्याला कडक पहारा. तांब्याच्या बाबतीत तर 2007 पासून आंबटपणा, पाल्याचा अर्क, कॅल्शियम, सगळे हिशेबात घेण्याची पद्धत तेथे सुचवलेली आहे. कॅडमियम हा कॅल्शियमचा सख्खा भाऊ नव्हे, पण आकाराने इतका सारखा की तोही त्याच दाराने आत शिरतो.

मुलामा देण्याच्या कारखान्यांतून काम करणारी आपली माणसे मी जवळून पाहिली आहेत. हातांना चट्टे, नाकात जखमा. कारखाना बंद करा म्हणणे त्यांना परवडत नाही, आणि ओहोळाच्या खालच्या अंगाला शिंपले वेचणाऱ्या बाईला तो तसाच चालू ठेवा म्हणणे परवडत नाही. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणे मालकाला फार सोपे जाते, कारण दोघांच्याही हातात एकच कागद दिला जातो आणि त्यावर एकच आकडा असतो. हातात कागद आला की विचारावे: पाण्याचा जडपणा किती होता? आंबटपणा किती? धातू विरघळलेला मोजला की गाळासकट? आणि खालच्या अंगाचे शिंपले कोणी उघडून पाहिले का? या चाचण्या फार खर्चिक नाहीत. जडपणा तर शाळेच्या प्रयोगशाळेतही मोजता येतो. आपल्या गावच्या शिक्षकांनी मुलांकडून दर महिन्याला नदीचे पाणी मोजवून घेतले तर दोन वर्षांत असा तक्ता तयार होईल की अधिकाऱ्यालाही तो मागून घ्यावा लागेल. मी हे व्यासपीठावरून जाहीरपणे मागतो आहे. येथे बसलेल्या शिक्षक मंडळींनी व्याख्यान संपल्यावर मला भेटावे.

मगेलाची हकिगत अजून संपलेली नाही. उत्पादन थांबल्यावर खड्डे बुजवणे, ढीग सपाट करणे, झाडे लावणे हे काम जानेवारी 2026 पर्यंत पुरे करायचे असे आधी ठरले होते. ते त्या मुदतीत होण्याजोगे नव्हते, म्हणून 2022 साली कायदा बदलून मुदत वाढवण्याची सोय केली. खनिजाचा उरलेला गाळ दहा हजार वर्षे बाहेर येता कामा नये अशी अट आहे. दगडांतून मॅग्नेशियम पुढेही झिरपत राहणार, आणि ते झिरपणार त्याच एक मिलिग्रॅमही चुना नसलेल्या पाण्यात. कोरड्या हंगामाच्या शेवटी पाणी उतरले की मुडगिनबेरीच्या गाळातून शिंपले काढायचे, वलये मोजायची, मांस वाळवून तपासायचे, हा क्रम खाण चालू असताना वर्षानुवर्षे चालला. त्या डोहातल्या आजच्या शिंपल्यात जे रेडियम आहे, त्यातले निम्मे तेरा वर्षांनीही तेथेच असेल.